जीन शेफर्ड: पटकथाकार, रात्रीचा निवेदक आणि हॅम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शेफर्डबद्दल विचारणाऱ्यांत दोन तऱ्हेचे लोक असतात. काहींनी 'अ ख्रिसमस स्टोरी' पाहिलेला असतो आणि त्यातला निवेदकाचा आवाज कुणाचा, हे त्यांना हवं असतं. बाकीचे हॅम, म्हणजे परवाना घेतलेले हौशी रेडिओवाले असतात. त्यांना 'के२ओआरएस' हे कॉल साइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारं ओळखीचं नाव, कुठेतरी सापडलेलं असतं. दोघांना हवा असलेला माणूस एकच आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यामुळे दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जीन शेफर्ड कोण? आम्ही तर नावही ऐकलेलं नाही.

अमेरिकन कथाकार, रेडिओ निवेदक आणि पटकथाकार. जन्म २६ जुलै १९२१, शिकागो. बालपण शेजारच्या इंडियाना राज्यातल्या हॅमंड या गावात गेलं. पोलाद कारखान्यांचा, धुराचा हा पट्टा. शाळा संपल्यावर त्याने पोलाद कारखान्यात टपाल वाटण्याचं कामही काही दिवस केलं. पुढे न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर केंद्रावर त्याने वीसहून अधिक वर्षं रात्रीचा कार्यक्रम केला, गोष्टींची पुस्तकं लिहिली आणि १९८३ साली आलेल्या 'अ ख्रिसमस स्टोरी'ची पटकथा दोघांच्या साथीने लिहिली. १६ ऑक्टोबर १९९९ रोजी फ्लोरिडातल्या सॅनिबेल बेटावर तो वारला. चाहते त्याला नुसतं 'शेप' म्हणतात.

२. हॅम रेडिओ म्हणजे आकाशवाणीसारखंच काहीतरी का?

नाही. आकाशवाणी बोलते आणि आपण ऐकतो. हॅमकडे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही असतात, आणि समोरचाही त्याच्यासारखाच परवानाधारक असतो. परीक्षा द्यायची, सरकारकडून परवाना आणि कॉल साइन घ्यायचं, आणि ठरवून दिलेल्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, जगभरातल्या हॅमशी बोलायचं. कधी आवाजात, कधी मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतांत. यातून पैसा कमवायला सक्त बंदी आहे. म्हणून याला हौशी रेडिओ म्हणतात. हौशी म्हणजे कच्चं असा मात्र समज नको. ट्रान्समीटर स्वतः बांधणारे, अँटेनाची लांबी स्वतः मोजून कापणारे लोक यात पहिल्यापासून आहेत.

३. शेफर्डची दोन कॉल साइन का सापडतात?

डब्ल्यू९क्यूडब्ल्यूएन हे पहिलं. सोळाव्या वर्षी परवाना मिळाल्यावरचं. (आपण त्याहून लहान होतो असंही तो कधीकधी सांगे. प्रश्न ११ पाहा.) के२ओआरएस हे नंतरचं, न्यूयॉर्क भागात स्थिरावल्यावरचं.

अमेरिकेत कॉल साइनमधला आकडा विभाग सांगतो. इंडियाना नवव्या विभागात, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी दुसऱ्यात. त्या काळात विभाग बदलला की कॉल साइन बदलावं लागे. 'डब्ल्यू'ने सुरू होणारी नावं संपत आली, तेव्हा 'के' देऊ लागले. म्हणजे ही माणसं दोन नाहीत, पत्ते दोन आहेत.

तीसच्या दशकातली ती परीक्षाही सोपी नव्हती. १९३६ पासून मोर्सचा वेग मिनिटाला १३ शब्द लागायचा, शिवाय सर्किटं काढून दाखवावी लागत. महामंदीच्या दिवसांत पोलाद कारखान्यांच्या गावातल्या पोरानं हे करणं म्हणजे काय, ते त्या वयात सोल्डरिंग आयर्न हातात धरलेल्यांना सांगायला नको.

४. हॅम लोक 'हायसिंग'वाल्या किश्शाबद्दल बोलतात. तो काय आहे?

माझ्या मते हॅम असणं आतून कसं असतं, हे सांगणारा याहून चांगला किस्सा नाही.

शेफर्डने तो स्वतःच्या कार्यक्रमात सांगितला होता. किशोरवयात त्याने ट्रान्समीटर बांधला आणि त्याला हायसिंग पद्धतीचा मॉड्युलेटर, म्हणजे आवाज रेडिओ लहरीवर चढवणारा भाग, जोडला. तो नीट चालेना. पोराला दुसरं काही सुचेना. खाण्यात लक्ष नाही, घरचे काय बोलतात त्यात लक्ष नाही. एका मुलीबरोबर बाहेर जायचं ठरलेलं, तिथेही समोर मुलगी आणि हा मनातल्या मनात सर्किट तपासतोय. आपल्या पोराला, किंवा या मुलाला, झालंय तरी काय, असं भोवतालच्यांना वाटू लागतं.

आता तो मॉड्युलेटर काय करतो ते पाहा, म्हणजे त्याची तगमग कळेल. ही पद्धत रेमंड हायसिंग या अभियंत्याची. यात दोन व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, असतात. एक रेडिओ लहरी वाढवणारा, दुसरा आवाज वाढवणारा. दोघांनाही वीज एकाच पुरवठ्यातून मिळते, आणि वाटेत लोखंडी गाभ्याचा मोठा चोक, म्हणजे तारेचं वेटोळं, असतो. विद्युतप्रवाहातला झटपट बदल चोक होऊ देत नाही, त्यामुळे एकूण प्रवाह जवळपास कायम राहतो. तुम्ही माइकमध्ये बोललात, आवाजाच्या व्हॉल्व्हने जास्त प्रवाह ओढला, की तेवढा दुसऱ्याचा वाटा कमी होतो. त्याने कमी ओढला की दुसऱ्याला जास्त मिळतो. अशा रीतीने रेडिओ लहरीची ताकद तुमच्या आवाजाबरोबर वरखाली होते.

कागदावर झकास. खोच पुढे आहे. आवाजाच्या व्हॉल्व्हला व्होल्टेज थेट शून्यापर्यंत खेचता येत नाही, म्हणून मॉड्युलेशन पूर्ण होत नाही आणि आवाज दबका जातो. त्यावर उपाय म्हणून लहरीच्या व्हॉल्व्हचं व्होल्टेज मुद्दाम एका रेझिस्टरने उतरवतात आणि रेझिस्टरला समांतर कपॅसिटर देतात, म्हणजे आवाजाला अडथळा होत नाही. त्यातून चोक छोटा पडला तर गाभा संपृक्त होतो आणि सगळंच फिसकटतं. बिघाड कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही. सगळे व्हॉल्व्ह पेटलेले, मीटर हललेले, आणि पलीकडचा सांगतो, तुझा आवाज बरोबर नाही.

ही अवस्था ज्याने भोगली नाही, त्यालाही शेफर्ड ती भोगायला लावतो. रात्री गाडीतून घरी निघालेल्या, आयुष्यात चोक न पाहिलेल्या माणसाला त्याने मॉड्युलेटरची गोष्ट ऐकवली आणि त्याला ऐकावीशी वाटली, हे मला मोठं वाटतं.

५. दुसऱ्या महायुद्धात तो कुठे होता?

अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे दळणवळणाच्या तुकडीत. रणांगणावर नाही, मायदेशातच. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकेने सगळी हॅम केंद्रं बंद केली होती, ती नोव्हेंबर १९४५ पासून टप्प्याटप्प्याने उघडली. सैन्यातल्या दिवसांवरही त्याने पुढे पुष्कळ किस्से सांगितले.

६. डब्ल्यूओआरवर तो करायचा तरी काय? गाणी लावायचा?

गाणी नव्हे, बोलायचा. सिनसिनाटी आणि फिलाडेल्फियाची केंद्रं करून तो १९५५ मध्ये डब्ल्यूओआरवर आला आणि १९७७ पर्यंत राहिला. बहुतेक वर्षं रात्री उशिराचा पाऊण तास. समोर लिहिलेली संहिता नाही, सहसा पाहुणा नाही. सुरुवातीला एदुआर्द श्ट्राउसची एक धावती पोल्का वाजायची आणि मग हा सुरू. आज दुकानात पाहिलेल्या एखाद्या वस्तूवरून निघायचा, मध्येच काझू हे फुंकून वाजवायचं छोटं वाद्य वाजवायचा, हॅमंडच्या एखाद्या उन्हाळ्यात शिरायचा, तिथून तिसरीकडे. आता हा भरकटला असं वाटेपर्यंत नेऊन, शेवटच्या दोन मिनिटांत सगळे धागे एकत्र आणायचा.

आपल्याकडे कथाकथनाची परंपरा आहे, त्यामुळे मराठी माणसाला ही जात लगेच ओळखू येईल. फरक एवढाच की कथाकथनात समोर हसणारं सभागृह असतं. शेफर्डपुढे काचेपलीकडचा तंत्रज्ञ आणि माइक.

एक खेळ तो वरचेवर करायचा. श्रोत्यांना सांगायचा, रेडिओ उचलून खिडकीत ठेवा, तोंड रस्त्याकडे करा, आवाज पूर्ण वाढवा. मग क्षणभर थांबून एखादी आरोळी ठोकायचा. शहरभरच्या खिडक्यांतून तो एकटाच एका वेळी ओरडायचा. मार्शल मॅक्लुहान या माध्यम-अभ्यासकाने त्याच्याबद्दल लिहिलं आहे की हा माणूस रेडिओला नव्या तऱ्हेच्या कादंबरीचं माध्यम मानतो आणि ती कादंबरी रोज रात्री लिहितो.

७. हॅम असण्याचा या सगळ्याशी संबंध आहे, की तुम्ही ओढूनताणून जोडताय?

संबंध आहे असं मला ठामपणे वाटतं, आणि कारण सांगतो.

हॅम 'सीक्यू' पुकारतो, म्हणजे कुणीही उत्तर द्या अशी हाक. त्या वेळी पलीकडे कोण आहे, आहे की नाही, त्याला ठाऊक नसतं. रात्रीची वेळ, घर झोपलेलं, कानावर हेडफोन. जे बोलायचं ते न दिसणाऱ्या एका माणसाशी. 'श्रोतेहो' म्हणण्याची सवय तिथे लागत नाही. शेफर्ड पन्नास हजार वॅटच्या केंद्रावरून बोलतानाही असंच बोलायचा. ऐकणाऱ्या प्रत्येकाला हा आपल्याशीच बोलतोय असं वाटायचं. गर्दीपुढे बोलणारे निवेदक तेव्हा अमेरिकेत ढिगाने होते. एकाशी बोलणारा हा, आणि ती सवय त्याने सोळाव्या वर्षापासून केली होती.

सिनेमातला निवेदकही तसाच बोलतो (प्रश्न ९). म्हणून त्याला हॅम म्हणणं ही नुसती गमतीची माहिती नाही.

८. नसलेलं पुस्तक त्याने खपवलं म्हणतात, ते खरं?

खरं. १९५६ ची गोष्ट. पुस्तकांच्या खपाच्या याद्या कशा बनतात यावर त्याचा राग होता. त्याने रात्रीच्या श्रोत्यांना सांगितलं की उद्या दुकानात जा आणि 'आय, लिबर्टाइन' हे पुस्तक मागा. लेखक फ्रेडरिक आर. युइंग. पुस्तकही नव्हतं, लेखकही नव्हता. शेकडो लोक विचारू लागले, दुकानदार वितरकांकडे चौकशी करू लागले, आणि ते वाचल्याचं सांगणारे लोकही निघाले. पुढे वॉल स्ट्रीट जर्नलने बिंग फोडलं. मग बॅलंटाइन या प्रकाशनसंस्थेने विज्ञानकथा लेखक थिओडोर स्टर्जनकडून ते पुस्तक खरोखर लिहून घेतलं आणि सप्टेंबर १९५६ मध्ये बाजारात आणलं. त्याचं उत्पन्न दानधर्माला गेलं.

त्याच वर्षी त्याला केंद्राने काढलं. प्रायोजक नाहीत अशी तक्रार होती, तेव्हा त्याने प्रायोजक नसलेल्या 'स्वीटहार्ट' साबणाची जाहिरात स्वतःच करून टाकली. श्रोत्यांनी गिल्ला केला, साबणवाल्यांनी प्रायोजक व्हायची तयारी दाखवली आणि तो परत आला.

सिनेमाशी थेट जोडलेलं उदाहरण जॉन कॅसाव्हेटिसचं. 'शॅडोज' हा पहिला चित्रपट करायला त्याच्याकडे पैसे नव्हते. शेफर्डच्या कार्यक्रमात त्याने श्रोत्यांना आवाहन केलं आणि पाकिटांतून डॉलर येऊ लागले, दोन हजारांच्या आसपास. त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत शेफर्डच्या 'रात्रीच्या माणसांचा', म्हणजे त्याच्या श्रोत्यांचा, उल्लेख आहे.

९. 'अ ख्रिसमस स्टोरी' कसा जमला? पटकथा त्याची एकट्याची आहे का?

एकट्याची नाही. पटकथेवर तीन नावं आहेत: जीन शेफर्ड, त्याची पत्नी ली ब्राउन आणि दिग्दर्शक बॉब क्लार्क. मूळ गोष्टी मात्र शेफर्डच्या. आधी रेडिओवर सांगितलेल्या, मग मासिकात लिहिलेल्या, मग १९६६ च्या पुस्तकात आलेल्या.

क्लार्कची आठवण प्रसिद्ध आहे. १९६८ मध्ये तो एका मुलीला घ्यायला गाडीतून निघाला होता. गाडीच्या रेडिओवर शेफर्ड गोष्ट सांगत होता. गोष्ट संपेपर्यंत क्लार्क त्याच भागात जवळजवळ तासभर गाडी फिरवत राहिला आणि ती बिचारी वाट बघत बसली. तेव्हाच त्याने यावर चित्रपट करायचं ठरवलं, पण पैसा लावायला कुणी तयार होईना. क्लार्कचा 'पॉर्कीज' हा चित्रपट धो धो चालला, तेव्हा कुठे संधी मिळाली.

चित्रपट नऊ वर्षांच्या राल्फीचा. त्याला नाताळात छऱ्यांची बंदूक हवी आहे आणि प्रत्येक मोठं माणूस म्हणतं, डोळा फोडून घेशील. पडद्यावर राल्फी दिसतो, बोलतो मोठा झालेला राल्फ, आणि तो आवाज शेफर्डचा. या निवेदनाची लिखावट पाहण्यासारखी आहे. पोराचं दुःख नऊ वर्षांच्या मापाचं, पण भाषा महाकाव्याची. पटकथेचा अभ्यास करणाऱ्यांनी फक्त निवेदनाची वाक्यं वेगळी काढून वाचावीत. प्रसंग जे दाखवतोय तेच ती सांगत नाहीत.

शेफर्ड आणि ली ब्राउन पडद्यावरही दिसतात. सांताला भेटायच्या रांगेत राल्फीला 'रांग तिकडून सुरू होते' म्हणून दटावणारा दाढीवाला तोच. कॅनडाच्या जिनी पुरस्कारांत दिग्दर्शन आणि पटकथा हे दोन्ही पुरस्कार या चित्रपटाला मिळाले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला, आणि तिथल्या टीव्हीवर नाताळात तो सलग चोवीस तास दाखवतात.

१०. चित्रपटात हॅम रेडिओ दिसतो का?

नाही. पण रेडिओ आहे, आणि महत्त्वाच्या जागी आहे. 'लिटल ऑर्फन ॲनी' ही मालिका त्या काळी ओव्हल्टीन या दुधात घालायच्या पावडरीच्या कंपनीतर्फे लागायची. डब्याचे पुरावे पाठवले की सांकेतिक आकडे उलगडायची चकती मिळे. राल्फी किती दिवस वाट बघून ती मिळवतो, रेडिओवर सांगितलेले आकडे लिहून घेतो, न्हाणीघरात कडी लावून एकेक अक्षर उलगडतो. संदेश निघतो: ओव्हल्टीन प्यायला विसरू नका. जाहिरात! ज्या मुलाला फक्त ऐकायला मिळतं, त्याची ही फसगत आहे. खऱ्या आयुष्यातल्या मुलाने काही वर्षांतच स्वतः मोर्स शिकून घेतलं.

११. या गोष्टी खऱ्या घडलेल्या आहेत का?

शेफर्ड स्वतः सांगायचा की त्या रचलेल्या आहेत. गावं, रस्ते, काही नावं खरी. चित्रपटातल्या होमन गावाचं नाव हॅमंडच्या होमन ॲव्हेन्यूवरून आलं. प्रसंग मात्र घडवलेले. त्यामुळे त्याच्या तोंडच्या किश्शातून चरित्र काढू नका, मग तो हायसिंगचा असो की परवान्याच्या वयाचा. कॉल साइन, नोकऱ्या, पुस्तकं, चित्रपट यांच्या नोंदी आहेत, त्या धरा.

१२. हाच कार्यक्रम त्याला हॅम बँडवर करता आला असता का?

नाही. हॅमला जनतेसाठी प्रसारण करता येत नाही, संगीत वाजवता येत नाही, पैसे घेता येत नाहीत. ती पोल्का, तो काझू, ते प्रायोजक, सगळंच नियमाबाहेर. दुसऱ्या हॅमशी तासन्‌तास गप्पा मात्र चालतात. त्याला हॅम लोक रॅगच्यू म्हणतात. अशा गप्पांत कितीही रंगलात तरी दर दहा मिनिटांनी आणि शेवटी कॉल साइन सांगावंच लागतं. म्हणून शेफर्डची दोन्ही आयुष्यं वेगळी चालली. पगार डब्ल्यूओआरवर, हौस घरच्या सेटवर.

१३. मुंबईत कुणी त्याचा कार्यक्रम तेव्हा ऐकला असेल का?

डब्ल्यूओआर ७१० किलोहर्ट्‌झवर, म्हणजे मध्यम लहरींवर. दिवसा वातावरणाचा एक खालचा थर या लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि वरच्या थरावरून लहरी परततात, म्हणून अमेरिकेच्या पूर्व भागात तो दूरदूर ऐकू जाई. पण न्यूयॉर्कला रात्रीचे दहा वाजतात तेव्हा मुंबईत सकाळ झालेली असते. इकडे ऊन आणि मध्ये बारा हजारांहून अधिक किलोमीटर. मध्यम लहरींवर ते जमणारं नव्हे. हॅमच्या २० मीटर बँडवर, म्हणजे लघुलहरींवर, मात्र, परिस्थिती जुळली तर, अगदी कमी शक्तीतही तेवढं अंतर कापता येतं.

१४. सिनेमातले आणखी कुणी हॅम आहेत का? आपल्याकडे?

मार्लन ब्रँडो ताहितीजवळच्या स्वतःच्या बेटावरून एफओ५जीजे या कॉल साइनने बोलायचा, तेही दुसरं नाव सांगून. आपल्याकडे अमिताभ बच्चन (व्हीयू२एएमवाय) आणि कमल हासन (व्हीयू२एचएएस). कमल हासन स्वतः पटकथाही लिहितात, त्यामुळे शेफर्डचा सगळ्यात जवळचा भारतीय जोडीदार तेच.

१५. हे वाचून हॅम व्हावंसं वाटतंय. महाराष्ट्रात काय करावं लागेल?

केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या शाखेची परीक्षा द्यावी लागते. किमान वय १२. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स. कॉल साइन साधारण व्हीयू३ किंवा व्हीयू२ ने सुरू होतं. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करताना विभागाच्या ताज्या सूचना पाहा. आणि आधी जवळच्या हॅमच्या सेटवर काही संध्याकाळी नुसतं ऐका.

१६. शेफर्ड ऐकायला कुठून सुरुवात करू?

आधी चित्रपट, लगेच रेडिओ. श्रोत्यांनी घरी टेप केल्यामुळे त्याचे पुष्कळ कार्यक्रम वाचले आणि ते इंटरनेटवर ऐकायला मिळतात. पहिली दहा मिनिटं हा काय बोलतोय ते कळणार नाही. बंद करू नका. वाचायचंच असेल तर 'इन गॉड वी ट्रस्ट, ऑल अदर्स पे कॅश'.

१७. शेफर्ड १९९९ मध्ये गेला, मग के२ओआरएस त्यानंतरच्या नोंदींत कसं दिसतं?

अमेरिकेत परवानाधारक वारला की ठरावीक मुदतीनंतर त्याचं कॉल साइन मोकळं होतं आणि दुसरा हॅम अर्ज करून ते घेऊ शकतो. म्हणून १९९९ नंतरच्या लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) किंवा क्यूएसएल कार्डावर (संपर्क झाल्याची खूण म्हणून पाठवायच्या कार्डावर) ही अक्षरं दिसली तर ती दुसऱ्या कुणाची आहेत, शेफर्डची नाहीत आणि त्याच्या नातेवाइकाचीही असतील असं समजू नका. जुनं कार्ड शेफर्डचं म्हणून कुणी विकत असेल तर आधी संपर्काची तारीख पाहा, मग पत्ता.